बीजकोशातले गुऱ्हाळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'पिशवीवर गाठी आहेत' हे वाक्य आमच्या मोडनिंबच्या बायका ज्या आवाजात बोलतात, तो आवाज मला चांगला ओळखीचा आहे. आवाज खाली जातो, पदर तोंडापाशी येतो. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असते. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस दिसायला लागतात, तोंडावर फोड येतात. मग एस.टी.ने पंढरपूर नाहीतर सोलापूर, सोनोग्राफी, आणि हातात एक कागद. कागदावर इंग्रजीत लिहिलेले असते 'पॉलिसिस्टिक'. पॉली म्हणजे पुष्कळ. सिस्ट म्हणजे काय, इथे घोटाळा सुरू होतो. कोणीतरी त्याचे मराठी 'गाठ' असे करते, आणि गाठ म्हटले की आपल्याकडे कॅन्सरखेरीज दुसरे काही कोणाला सुचत नाही.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई. माझा व्यवहार शब्दांशी. या एका शब्दाच्या मागे लागले तेव्हा जी हकिगत हाती आली ती निम्म्याहून अधिक उंदरांची निघाली. आपल्या कणगीतल्या ज्वारीवर ताव मारणाऱ्या उंदरांची नव्हे, प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरांची. गटारात राहणाऱ्या तपकिरी उंदराचेच हे गोरे भावंड. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये १९०६ पासून त्यांचा एक वंश जोपासला गेला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत 'विस्टार' उंदीर सर्रास असतात.

आधी बीजकोशाची थोडी ओळख करून घेऊ. गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. मुलगी जन्मते तेव्हा दोन्हींत मिळून दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि उभ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे. बाकीची आपोआप विरून जातात. प्रत्येक बीज एका इवल्या पिशवीत बसलेले असते. या पिशवीला पुटिका म्हणतात. रेनिए द ग्राफ नावाच्या डच वैद्याने १६७२ मध्ये तिचे बारकाईने वर्णन केले, आणि त्याला वाटले की ही पिशवी म्हणजेच अंडे. आतले खरे बीज दिसायला १८२७ साल उजाडावे लागले. ते कार्ल फॉन बेअरने कुत्रीच्या बीजकोशात पाहिले.

दर महिन्याला काही पुटिका वाढू लागतात. त्यांतली एक पुढे सरते आणि वाढत वाढत सुमारे दोन सेंटीमीटरची होते, म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या बोराएवढी. मग ती फुटते, बीज बाहेर पडते, आणि मागे राहिलेल्या भागाचा पिवळसर गोळा बनतो. त्याला पीतपिंड म्हणतात. उंदरीणबाईंचा कारभार याहून झपाट्याचा. तिचे चक्र चार-पाच दिवसांचे, आणि एका वेळी दहा-बारा बीजे बाहेर पडतात. तिला पाळी येत नाही. म्हणून संशोधक रोज सकाळी तिच्या योनिमार्गातल्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि आज चक्राचा कुठला दिवस आहे ते ओळखतात. चार दिवसांत एक फेरा पुरा होत असल्याने, बाईमध्ये जे पाहायला वर्ष लागेल ते उंदरात दीड-दोन महिन्यांत दिसते. संशोधकांना उंदीर आवडतो त्याचे हे एक कारण.

आता मुख्य गोष्ट. पुटिका ही बीज ठेवायची नुसती डबी नाही. तो हार्मोनचा, आपल्या पाठ्यपुस्तकातल्या भाषेत संप्रेरकांचा, कारखाना आहे. कारखाना म्हणण्यापेक्षा गुऱ्हाळ म्हणू, कारण आपल्या माढा तालुक्यात गुऱ्हाळ कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गुऱ्हाळात दोन कामे दोन ठिकाणी चालतात. बाहेर चरकावर ऊस गाळून रस काढतात. आत चुलाणावर काहिलीत रस आटवून गूळ करतात. पुटिकेच्या भिंतीलाही असेच दोन थर आहेत. बाहेरच्या थरातल्या पेशींना थीका म्हणतात, आतल्या दाणेदार पेशींना ग्रॅन्युलोसा. बाहेरच्या थीका पेशी कोलेस्टेरॉल घेतात. हो, हृदयविकाराच्या संदर्भात ज्याचे नाव आपण घाबरत ऐकतो तेच कोलेस्टेरॉल. एकामागून एक रासायनिक पायऱ्यांनी त्या त्याचे अँड्रोजन बनवतात, म्हणजे ज्यांना आपण पुरुषांची म्हणतो ती हार्मोन. हा झाला उसाचा रस. तो मधला पातळ पडदा ओलांडून आतल्या पेशींकडे जातो आणि तिथे त्याचे इस्ट्रोजेन होते, स्त्रीचे हार्मोन. हा गूळ. रसाचा गूळ करणारा गुळव्या म्हणजे अरोमाटेज नावाचे एन्झाइम.

म्हणजे प्रत्येक बाईच्या शरीरातले स्त्रीचे हार्मोन आधी पुरुषाचे हार्मोन असते. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. ज्या समाजात बाईच्या ओठावर चार केस दिसले तरी तिला 'बाप्या' म्हणून हिणवतात, त्या समाजाला हे कोणीतरी मोठ्याने सांगायला हवे.

या दोन ठिकाणच्या कामांवर दोन मुकादम आहेत. दोघेही मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून येतात. बाहेरच्या चरकावर एलएच, आतल्या चुलाणावर एफएसएच. चुलाणाला जाळ किती घालायचा हे एफएसएच ठरवते. गूळ पुरेसा तयार झाला की त्याची खबर वर मेंदूला पोचते आणि मुकादमांना आवरते घेतले जाते.

ही दोन घरांची वाटणी कळली कशी, तेही सांगण्यासारखे आहे. १९५९ मध्ये बेंग्ट फाल्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने उंदराच्या बीजकोशातून हे दोन प्रकारचे ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली कोरून वेगळे केले आणि ते ठेवले कुठे, तर उंदराच्या डोळ्यात. डोळ्याच्या पुढच्या भागात, बुबुळाच्या पारदर्शक पडद्यामागे पाण्याची एक पोकळी असते, तिथे लावलेला ऊतकाचा तुकडा जगतो. सोबत त्याने योनीच्या अस्तराचा एक चिमुकला तुकडाही लावला. जवळपास इस्ट्रोजेन असेल तर ते अस्तर जाड होते. म्हणजे बिनखर्चाचे मोजमाप. नुसत्या थीका पेशी लावल्या तर अस्तर ढिम्म. नुसत्या दाणेदार पेशी लावल्या तरी ढिम्म. दोन्ही शेजारी-शेजारी लावल्या की अस्तर जाड झाले. एकटीला गूळ करता येत नाही. पुढे विज्ञानाने या गोष्टीला 'दोन पेशी, दोन संप्रेरके' असे नाव दिले.

आता गुऱ्हाळ बिघडते कसे ते पाहू. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. पाळी बंद, काहींच्या अंगावर केस, आणि बीजकोश मोठे, बारीक बारीक फुग्यांनी भरलेले. त्यांनी बीजकोशाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी परत सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. आजार ओळखला गेला, पण का होतो हे कळले नव्हते. आज जे कळले आहे ते गुऱ्हाळाच्या भाषेत असे: चरकावरचा मुकादम एलएच जोरात, त्यामुळे रस भरमसाट. पुष्कळजणींच्या रक्तात इन्शुलिनही वाढलेले असते आणि तेही चरकाला आणखी जोर देते. आत चुलाणावर मात्र जाळ अपुरा. पुटिका वाढायला लागतात, पण पाच-आठ मिलिमीटरपर्यंत येऊन अडतात. कोणतीच पुढे सरत नाही, कोणतीच फुटत नाही. न आटलेला रस रक्तात उतरतो, आणि तोच हनुवटीवरच्या केसांतून आणि तोंडावरच्या फोडांतून दिसतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर या अडलेल्या पुटिका बीजकोशाच्या कडेने ओळीने दिसतात. डॉक्टर त्याला मोत्यांची माळ म्हणतात.

म्हणजे ज्याला कागदावर 'सिस्ट' म्हटले आहे ती गाठ नाहीच. ती वाटेत थबकलेली पुटिका आहे, बीज पोटात घेऊन बसलेली.

उंदराला हा आजार सहसा आपणहून होत नाही. तो घडवावा लागतो. १९६२ मध्ये रॉय, महेश आणि ग्रीनब्लाट या तिघांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की मादी उंदराला अँड्रोजन गटातले द्रव्य दिले की तिच्या बीजकोशात असेच फुगे तयार होतात. यातले विरेंद्र महेश हे भारतातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ. त्यांनी रस बाहेरून ओतला, असे म्हणा. दुसरी रीत अधिक चतुर आहे आणि २००४ नंतर ती खूप रुळली. तीत गुळव्यालाच काहिलीपासून दूर ठेवतात. लेट्रोझोल नावाचे औषध अरोमाटेजला काम करू देत नाही. ते स्तनाच्या कॅन्सरवर वापरले जाते. उंदरिणीला ते रोज वजनाच्या किलोमागे एक मिलिग्रॅमच्या हिशेबाने एकवीस दिवस तोंडाने पाजतात.

मग काय होते? रस येत राहतो, गूळ होत नाही. गूळ नाही म्हणून मेंदूला खबर जात नाही. मेंदू समजतो, खाली काम थंडावले आहे, आणि एलएच आणखी सोडतो. चरक आणखी जोरात. टेस्टोस्टेरॉन वाढते, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन उतरतात. चार दिवसांचे चक्र थांबते आणि रोजच्या काचपट्टीवर तेच ते चित्र दिसत राहते. एकविसाव्या दिवसानंतर बीजकोश पाहिला तर तो मोठा आणि पाण्याने भरलेल्या फुग्यांचा. फुग्याच्या भिंतीत बाहेरचा थर जाड झालेला, आतला दाणेदार थर झिजून पातळ. आणि पीतपिंड जवळजवळ नाहीत, कारण बीज बाहेर पडलेलेच नसते.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात लक्ष्मीप्रिया नंपूथिरी आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी नेमक्या अशाच उंदरांवर काम केले. बडोदे म्हटल्यावर मराठी माणसाला परके वाटायचे कारण नाही. त्यांनी लेट्रोझोल देऊन चार्ल्स फॉस्टर जातीच्या उंदरिणींचे बीजकोश बिघडवले आणि मग त्यांना कोरफडीच्या गरापासून बनवलेले द्रव्य रोज एक मिलिलिटर असे पंचेचाळीस दिवस दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उंदरिणींचे चक्र परत सुरू झाले, साखर पचवण्याची ताकद सुधारली, आणि पुटिकांत हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमांचे काम ताळ्यावर आले. आपल्या बांधाबांधावर कोरफड आहे, म्हणून आधीच सांगते, उद्या सकाळी ती सोलून मुलीला पाजू नका. प्रयोगातली मात्रा मोजलेली होती आणि ती उंदराला दिली होती. कोरफडीच्या पानातला पिवळा चीक जुलाब करतो आणि गरोदरपणात तो धोक्याचा आहे.

लेट्रोझोलची गोष्ट इथे संपत नाही. ज्या औषधाने उंदरिणीची पुटिका अडते, त्याच औषधाने बाईची अडलेली पुटिका सुटते. ऐकून चक्रावल्यासारखे होईल, पण हिशेब सरळ आहे. बाईला ते फक्त पाच दिवस, महिन्याच्या सुरुवातीला देतात. गुळव्या पाच दिवस रजेवर. मेंदूला वाटते गूळ कमी पडला, म्हणून तो जाळ घालणाऱ्या एफएसएचला पिटाळतो. पुटिका वाढू लागते. तेवढ्यात औषध शरीरातून उतरते, गुळव्या कामावर परततो, आणि बीज बाहेर पडते. उंदरिणीला मात्र एकवीस दिवस सुट्टीच मिळत नाही. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर क्लोमिफीन या जुन्या औषधाने १९.१ टक्के. आपल्याकडे सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली होती. ती २०१७ मध्ये उठली.

अलीकडचे एक संशोधनही याच चरकापाशी येऊन पोचते. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिहिले की मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन गटातल्या औषधांनी उंदरांच्या बीजकोशात अँड्रोजन बनण्याची अगदी पहिली पायरी, म्हणजे कोलेस्टेरॉल फोडणारे एन्झाइम, मंदावते. मग त्यांनी या आजाराच्या १९ स्त्रियांना ते औषध देऊन पाहिले आणि त्यांचे अँड्रोजन उतरले. एकोणीस हा आकडा लहान आहे. त्यावरून कोणी मलेरियाच्या गोळ्या विकायला लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. पण आधी उंदीर, मग माणूस, हा क्रम कसा चालतो ते यात दिसते.

उंदराला मर्यादाही आहेत. त्याच्या बीजकोशातला फुगा खरोखर झिजलेल्या भिंतीचा फुगा असतो. बाईची पुटिका बहुतेक वेळा धड असते, फक्त थांबलेली. उंदराचा आजार एकवीस दिवसांत औषधाने घडतो. बाईचा घराण्यातून येतो, वयात येताना दिसू लागतो आणि वजन, इन्शुलिन, झोप, मन या सगळ्यांशी गुंतलेला असतो. आणि उंदरिणीला कोणी 'पाहायला' येत नाही.

हा आजार किती मुलींना आहे? मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या शेजारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुली तपासून २०१४ मध्ये आकडे दिले. एका निकषाने २२.५ टक्के, दुसऱ्या अधिक कडक निकषाने १०.७ टक्के. एवढा फरक का? पहिला निकष २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरला. पाळीची अनियमितता, अँड्रोजनची वाढ आणि सोनोग्राफीतले चित्र, या तिन्हींपैकी कोणतीही दोन असली की पुरे. दुसऱ्यात अँड्रोजनची वाढ असायलाच हवी. सोनोग्राफीतल्या नुसत्या मोत्यांच्या माळेवर मुलीला आजारी ठरवता येत नाही, हे यातले महत्त्वाचे. वयात येणाऱ्या निरोगी मुलीच्या बीजकोशातही पुष्कळ पुटिका दिसतात. याच मुंबईच्या पाहणीत आजार असलेल्यांपैकी बहुतेक मुली लठ्ठ नव्हत्या. 'जाड आहे म्हणून झाले' असे म्हणणाऱ्या मावश्यांनी हे ऐकावे.

माझ्या भाचीच्या हातात असा कागद आला तेव्हा ती मला म्हणाली, "खाला, गाठी काढून टाका म्हणावं डॉक्टरांना, म्हणजे सुटले." आपाच्या मनात तर पिशवीच काढायचा विचार येऊन गेला होता. इथे माझ्या पोटात गोळा आला, कारण ही भीती कुठवर जाते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या, अंगावरून जाणे, पोटदुखी, जास्त रक्तस्राव; पण 'ठेवली तर कॅन्सर होईल' हे वाक्य तिथेही बोलले गेले होते. याच बायका दर हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर कोयता घेऊन येतात.

आता गुऱ्हाळ आठवा. पुटिका असतात बीजकोशात. गर्भाशय काढले म्हणून बीजकोशातला चरक थांबत नाही. अँड्रोजन तसेच, इन्शुलिन तसेच, हनुवटीवरचे केस तसेच. आणि बीजकोशच काढले तर तिशीतल्या बाईची हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, कारण गूळ करणारे ठिकाणच गेले. या आजारावरची वाट बहुतेक वेळा गोळ्यांची असते. पाळी नियमित करणाऱ्या, इन्शुलिनला आवर घालणाऱ्या, मूल हवे असेल तेव्हा बीज सोडवणाऱ्या. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांचे पाच-दहा टक्के वजन उतरले तरी अनेकदा पाळी परत येते. एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष नको. तीन-तीन महिने पाळीच नसेल तर गर्भाशयाचे अस्तर साचत जाते आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले तर त्यातून खरोखरच कॅन्सरचा धोका वाढतो. धोका असलाच तर तो तिथे आहे, आणि पाळी आणणाऱ्या गोळ्यांनी तो टळतो.

या आजाराच्या नावावर शास्त्रज्ञांतही वाद झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बसवलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०१२ मध्ये स्पष्ट म्हटले की हे नाव दिशाभूल करते, ते बदलावे. मराठीत आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. भाचीला मी 'अडलेल्या पुटिका' असे सांगितले. तिने थोडा विचार करून "म्हणजे बंद पडलेली एस.टी., आत प्रवासी बसलेला," असे म्हटले. मला ते माझ्या शब्दापेक्षा बरे वाटले.

ती पुढे म्हणाली, "आणि खाला, त्या उंदरांचं पुढे काय होतं?" तेही सांगायला हवे. प्रयोग संपला की त्यांना भूल देऊन मारतात. बीजकोश काढून मेणात बसवतात आणि त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप करून काचेवर रंगवतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला आळा घालणारा १९६० चा कायदा आपल्याकडे आहे. त्याखालच्या समितीच्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नैतिकता समिती असावी लागते, आणि किती उंदीर लागतील व तेवढेच का, याचे उत्तर संशोधकाला तिच्यापुढे आधी द्यावे लागते. मग रंगवलेल्या त्या कापावर सूक्ष्मदर्शक लावून कोणीतरी मोजत बसते, फुगे किती, पीतपिंड किती.